आजीची मिश्री आणि आपली सायकल

मंडळी, नमस्कार.

शनिवारच्या मराठी शाळेत आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या रेवस ते रेडी सायकलफेरीचा नकाशा लावला होता. कर्करोग संशोधनासाठी निधी, वगैरे सांगून झालं. तर एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, “आजीनं मिश्री लावायची सोडली तर एवढी सायकल चालवावी लागणार नाही ना?” वर्गात कोणी उत्तर दिलं नाही. इथे आहे का कोणाकडे?

नसेल तर आधी सोपं बोलू, सायकलीचं.

कोकणातला रस्ता सपाट असतो तो फक्त नकाशात. खाडीला उतरा, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढा, की पुन्हा खाडी. इथे रविवारी नदीकाठी पन्नास किलोमीटर मारून फोटो टाकणारे आपण सगळे शूर. तिथे गिअरच्या पुढच्या लहान चक्रीला 34 आणि मागच्या मोठ्या चक्रीला 34 दाते नसतील तर पहिल्याच घाटीत सायकल ढकलाल. टायर 32 मिलिमीटरचे घ्या, जांभ्याच्या खडीवर बारीक टायर टिकत नाहीत. विमानासाठी सायकल खोलताना लक्षात असू द्या, डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. मागचा डेरेलर, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, सोडवून आत बांधा, नाहीतर त्याचा हँगर, म्हणजे तो जिथे अडकवतात ती पट्टी, वाकतो. हँगर बहुतेक सायकलींचा वेगवेगळा, तो गुहागरच्या दुकानात शोधू नका. एक जास्तीचा जवळ ठेवा. आणि खाऱ्या हवेत साखळी रोज संध्याकाळी पुसून तेल द्यायची, जेवणाआधी. जेवणानंतर कोणी देत नाही.

खाड्या ओलांडायच्या त्या फेरीबोटीनं: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. फेरीबोट चुकली की दिवसाचं गणित कोलमडतं.

आता पैसे. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे भारतीय कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत. ज्या संस्थेला देणार तिची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि रक्कम तिच्या दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होते. तेव्हा खजिनदारांना ‘गावच्या भावाला गूगल पे करू का’ हे विचारणं थांबवा.

संशोधन म्हटलं की आपल्याला कोट्यवधींची यंत्रं दिसतात. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी निम्म्यांचं गर्भाशयमुख पातळ व्हिनेगर लावून तपासलं. 2013मध्ये निष्कर्ष आला: तपासणी झालेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. अशा कामाला आपला पैसा लागावा.

पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो हे कळायला नवं संशोधन नको. आपण गावी जाताना बॅग भरून चॉकलेटं नेतो. डबीबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हातारं माणूस, आता कशाला, असं म्हणून सोडून देतो.

ती मुलगी डिसेंबरात आपल्याबरोबर येतेय, गाडीतून. तिची आजी राहते त्या गावात दुपारचं जेवण ठरलंय. आजी ओटीवर असेल, डबीही शेजारी. विषय कोण काढणार, ते अजून ठरलेलं नाही.