नस नेमकी कोणाला दाखवायची?

मंडळी, सुरुवात एका शब्दापासून करतो. मनगट कापलं की आपण म्हणतो 'नस कापली'. पोटरीत गोळा आला की 'नसेवर नस चढली'. आणि हात लुळा पडला की 'नस दबली'. रक्तवाहिनी, स्नायू, मज्जातंतू, तिघांना आपण एकच नाव दिलंय! मग पेशंट चुकीच्या दारात गेला तर त्याला दोष कसा द्यायचा?

आमच्याकडे येणारा नेहमीचा पेशंट म्हणजे मोटरसायकलवरून पडलेला तरुण. पडताना डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि मानेतून हातात उतरणारा पाच मुळांचा जुडगा, ब्रेकियल प्लेक्सस, ओढला जातो. कधीकधी मुळं मज्जारज्जूपासूनच उपटून येतात. असाच एक तेवीस वर्षांचा मुलगा अपघातानंतर अकराव्या महिन्यात आला. कॉलर बोन छान जुळलेलं, हात मात्र लोंबत होता. 'येईल हळूहळू, मालिश करा,' एवढंच त्याला सांगितलेलं.

'येईल' हे दर वेळी खोटं नसतं. दंडाचं हाड मोडून तिथली नस दुखावली आणि मनगट लुळं पडलं, तर असे बहुतेक पेशंट आपोआप सुधारतात. पण वाट बघायची ती कॅलेंडर समोर ठेवून. नस, म्हणजे इथे मज्जातंतू, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. मानेपासून बोटांपर्यंतचा हिशेब तुम्हीच करा. इकडे नस तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. म्हणून सुधारणा दिसत नसेल, तर ऑपरेशन 3 ते 6 महिन्यांच्या आत व्हायला हवं. काचेनं किंवा कोयत्यानं सरळ कापलेली नस तर काही दिवसांतच जोडायची. एक मात्र आहे, ईएमजी, म्हणजे नसा-स्नायूंची विजेची तपासणी, पहिल्या तीन आठवड्यांत करू नका. तेव्हाचा रिपोर्ट फसवतो.

आता दार कुठलं? न्यूरॉलॉजिस्ट तपासतो, ईएमजीचा अर्थ लावतो, पण ऑपरेशन करत नाही. ते करतात काही प्लास्टिक सर्जन, हँड सर्जन, काही ऑर्थोपेडिक, काही न्यूरोसर्जन. प्लास्टिक सर्जन म्हटलं की लोकांना नाकाचं ऑपरेशन आठवतं. पण कुष्ठरोग हा मुळात नसांचाही आजार. त्यानं वाकडे झालेले हात सरळ करण्यासाठी मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंटिया आणि वेल्लोरला हँड सर्जन डॉ. पॉल ब्रँड झटले.

तेव्हा पाटी वाचू नका, सरळ विचारा: 'डॉक्टर, वर्षभरात अशा नसांची किती ऑपरेशनं करता? नर्व्ह ट्रान्सफर करता का?' नर्व्ह ट्रान्सफर म्हणजे चांगल्या नसेचा धागा बंद पडलेल्या नसेला जोडणं. फ्रान्समधले सर्जन ओबर्लिन यांनी 1994 मध्ये त्यातलीच एक युक्ती मांडली. करंगळीकडे जाणाऱ्या चांगल्या नसेतला एक धागा दंडातच कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडायचा. मग नसेला वाढायची वाट इंचांचीच उरते. हे प्रश्न विचारले म्हणून जो चिडतो, त्याच्याकडे मी तरी माझा हात दिला नसता.

तो तेवीस वर्षांचा मुलगा? नस जोडायची वेळ निघून गेली होती. मांडीतला एक स्नायू काढून दंडात बसवला, त्याला बरगड्यांमधल्या नसा जोडल्या. आज कोपर वाकतं, बोटं हलत नाहीत. त्याच्या वडिलांनी आणलेल्या पिशवीत चौदा एक्स-रे होते, सगळे हाडांचे. ईएमजीचा कागद एकच, दहाव्या महिन्यातला.