नोर्जे : हाताला सापडणारं इंजिन

[मांदेल्लो देल लारिओ. कारखान्याचं लाल फाटक, मागे ग्रिन्या डोंगराचे कडे.]

उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराला दक्षिणेकडे दोन फाटे फुटतात. त्यातला पूर्वेचा फाटा लेक्को शहराशी संपतो. त्याच्या काठावर मांदेल्लो देल लारिओ हे गाव आहे. समोर पाणी, पाठीशी ग्रिन्याचे उघडे कातळ, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, रेल्वे स्टेशन, चर्च आणि मोटरसायकलचा एक कारखाना. मोटो गुत्झीच्या गाड्या गेली १०० वर्षं याच गावात तयार होत आल्या आहेत.

मी लेक्कोत राहते, मांदेल्लोपासून १० किलोमीटरवर. माझी गाडी याच फाटकातून बाहेर पडली. नोर्जे १२००. हे मॉडेल २००६ मध्ये आलं, माझी गाडी त्या पहिल्या काही वर्षांतली. मी घेतली तेव्हाच ती जुनी होती, आणि जुनी होती म्हणूनच मला ती घेता आली. या गाडीबद्दल मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. ही गाडी मालकाला स्वतःच्या हाताने सांभाळता यावी अशी बांधलेली आहे, आणि म्हणूनच ती म्हातारी होत नाही.

[गाडी बाजूने. फेअरिंगमधून बाहेर आलेलं सिलिंडरचं डोकं.]

इथे या प्रकारच्या गाडीला स्पोर्ट-टूरर म्हणतात. समोर वारा अडवणारं फेअरिंग, मागे दोन्ही बाजूंना कुलूप लागणाऱ्या पेट्या, मागे बसणाऱ्यालाही ऐसपैस सीट. दोघांचं आठवड्याचं सामान घेऊन दिवसभर हायवेवर चालवा, आणि संध्याकाळी घाट लागला की पेट्यांसकट वळणात झुकवा. नोर्जेची टाकी २३ लिटरची, त्यामुळे ३०० किलोमीटरच्या पुढे जाईपर्यंत पंपाकडे बघावं लागत नाही. काच बटणाने वरखाली होते. थंडीत ही काच वर घेतली की छातीवरचा वारा थांबतो आणि माणूस खरंच कमी थकतो.

इंजिन ११५१ सीसीचं, दोन सिलिंडरचं. दोन्हींमध्ये ९० अंशांचा कोन, आणि दोन्ही गाडीच्या कुशीतून डावी-उजवीकडे बाहेर आलेले. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, आडवा नाही, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला आहे. म्हणून उभ्या गाडीला रेस दिली की सगळी गाडी उजवीकडे किंचित कलते. पहिल्यांदा बसणारा दचकतो आणि पाय घट्ट रोवतो. गिअर टाकून चालायला लागलं की हे जाणवत नाही. पण सिग्नलला उभं असताना मनगट जरा हलवलं की मांड्यांमधून तो झोका जातो, आणि तो मला फार आवडतो.

[जुनी छायाचित्रं. खडीच्या रस्त्यावर मोटरसायकल.]

नोर्जे हे नाव १९२८ मधल्या एका प्रवासातून आलं आहे.

पहिल्या महायुद्धात इटलीच्या नौदलाच्या विमानदलात तीन मित्र होते. कार्लो गुत्झी यंत्रं जाणणारा, जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी रावेल्ली वैमानिक. युद्ध संपलं की मिळून मोटरसायकली बनवायच्या असा त्यांचा बेत होता. रावेल्ली १९१९ मध्ये विमान कोसळून गेला. उरलेल्या दोघांनी पारोदीच्या वडिलांच्या पैशांवर १९२१ मध्ये कंपनी काढली आणि मित्राची आठवण म्हणून वैमानिकांचा पंख पसरलेला गरुड टाकीवर लावला. तो आजही माझ्या टाकीवर आहे.

कार्लोचा भाऊ जुझेप्पे इंजिनिअर होता. त्या काळी मोटरसायकलच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नसायची. स्प्रिंग दिली तर गाडी रस्ता धरणार नाही, लचकेल, असं भल्याभल्यांचं मत होतं. जुझेप्पेने इंजिनाखाली स्प्रिंगा बसवून मागचं चाक हलतं ठेवणारी फ्रेम तयार केली. लोकांना पटेना. तेव्हा १९२८ मध्ये तो स्वतःच ती ५०० सीसीची गाडी घेऊन निघाला, थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या दिशेने. ६००० किलोमीटरहून जास्त रस्ता, तोही बहुतेक कच्चा. गाडी पोचली, फ्रेम टिकली, आणि नॉर्वेचं नाव, नोर्जे, त्या गाडीला कायमचं चिकटलं. आपलं म्हणणं खरं करून दाखवायला इंजिनिअर स्वतः थंडीवाऱ्यात इतका लांब जातो, हे मला कुठल्याही शर्यतीच्या ट्रॉफीपेक्षा मोठं वाटतं. ट्रॉफ्याही या कंपनीने ढिगाने मिळवल्या आहेत. १९५० मध्ये याच गावात मोटरसायकलींसाठी वाऱ्याचा बोगदा बांधला गेला आणि पूर्ण आकाराच्या गाड्या त्यात तपासल्या गेल्या. जुलिओ चेझारे कारकानो या इंजिनिअरने तर ५०० सीसीत आठ सिलिंडर बसवून दाखवले.

पण आपल्या गोष्टीला महत्त्वाचं आहे ते कारकानोचं दुसरं काम. शर्यती थांबल्यावर त्याने दोन सिलिंडरचं साधं, दणकट, हवेवर थंड होणारं इंजिन काढलं. १९६५ मध्ये ते ७०३ सीसीच्या व्ही-सेव्हन या गाडीत लोकांपुढे आलं. पोलिसांच्या ताफ्यात दिवसभर चालेल, कमी देखभालीत लाखभर किलोमीटर काढेल, अशा कामाचं ते इंजिन होतं. इटलीच्या पोलिसांनी ते वापरलं, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीही वापरलं. माझ्या नोर्जेचं इंजिन आकाराने वाढलेलं आहे, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आहे, पण मांडणी तीच.

मधल्या काळात कंपनीचे मालक बदलत गेले. २००४ च्या अखेरीस ती पियाज्जिओकडे आली. आपल्याकडे बारामतीत आपे रिक्षा आणि व्हेस्पा बनवणारी तीच ही पियाज्जिओ. त्यानंतर दोनेक वर्षांत नोर्जे बाजारात आली.

[रस्ता. डावीकडे सरोवर. नुसता इंजिनाचा आवाज, मग निवेदन.]

मांदेल्लोहून उत्तरेला जायला दोन रस्ते आहेत. एक वेगवान, बोगद्याबोगद्यातून जाणारा. दुसरा पाण्याच्या कडेने जाणारा जुना रस्ता : वारेन्ना, बेल्लानो, कोलिको. वेळ असला की मी जुन्यानेच जाते. रस्ता अरुंद, दगडी भिंती अगदी हँडलजवळ येतात, आणि कोपऱ्यावरून कधी बस येईल सांगता येत नाही. इथे ताकद कामाची नाही, इंजिन किती संथ चालतं ते कामाचं. नोर्जे तीन हजार आरपीएमच्या आसपास, वरच्या गिअरमध्ये, न कुरकुरता ओढत राहते.

कोलिकोच्या पुढे दरी सुरू होते आणि कियावेन्ना गाव येतं, समुद्रसपाटीपासून ३३३ मीटर. तिथून स्विस हद्दीवरची स्प्लुगा खिंड सुमारे ३० किलोमीटर, आणि खिंडीची उंची २११३ मीटर. म्हणजे तासाभरात जवळजवळ १८०० मीटरची चढण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या राजवटीत कार्लो डोनेगानीने हा रस्ता आखला. स्टेल्व्हिओचा प्रसिद्ध घाटही त्याचाच. आखणी घोडागाड्यांची, त्यामुळे वळणं इतकी आखूड की गाडी जवळजवळ जागच्या जागी उलटी फिरवावी लागते. काही वळणं बोगद्यातच आहेत, आत अंधार आणि ओला रस्ता. हिमकडे कोसळतात म्हणून कितीतरी ठिकाणी रस्त्यावर छत घातलेलं आहे. हिवाळ्यात खिंड बंदच असते.

इथे या गाडीचा शाफ्ट कळतो. नोर्जेला चेन नाही. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मागच्या चाकाशी बेव्हल गिअरला, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणाऱ्या दातेरी चाकांना, मिळतो. जुन्या शाफ्टच्या गाड्यांना एक खोड असायची. ॲक्सिलरेटर दिला की मागची बाजू उचलली जायची, सोडला की खाली बसायची. वळणाच्या मध्यावर असं झालं तर जीव वर-खाली होतो. नोर्जेत बेव्हल गिअरची पेटी मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला पक्की जखडलेली नाही. ती थोडी मोकळी फिरते, आणि एक वेगळा दांडा तिचा झटका फ्रेमकडे वळवतो. चाकाकडून सीटकडे काही येत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचं, मागचा ब्रेक हलका धरून ठेवायचा, नजर वळणाच्या बाहेर, आणि गाडी सरळ व्हायला लागली की ॲक्सिलरेटर. अडीचशे किलोंहून जड गाडी त्या वेळी जड वाटत नाही. वजन जाणवतं ते पार्किंगमध्ये, उताराकडे तोंड करून लावली तर.

[गॅरेज. गाडी डबल स्टँडवर. हातांचं क्लोजअप.]

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते.

दर १०,००० किलोमीटरला टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट नेमकी करायची. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची झडप : आत घेणारी इनटेक, धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्ट. ही गाडी डबल स्टँडवर घ्यायला ताकद लागत नाही. स्टँडच्या पायावर सगळं वजन देऊन उभं राहिलं की गाडी स्वतःच मागे चढते. हातांनी उचलायला गेलात तर पाठ धरेल. इंजिन पूर्ण गार पाहिजे, आदल्या रात्रीपासून बंद. मग प्लग काढायचे, आणि सिलिंडरच्या डोक्यावरची कव्हरं. पाण्याचा रेडिएटर या गाडीला नाहीच. टाकी उतरवायची नाही. स्टुलावर बसलं की दोन्ही रॉकर डोळ्यांसमोर येतात.

वरचा गिअर टाकायचा आणि मागचं चाक हाताने फिरवायचं. प्लग नसल्यामुळे इंजिन सहज फिरतं. रॉकरला ढकलणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, वर-खाली होताना दिसतात, रॉकर व्हॉल्व्ह दाबताना दिसतो. पिस्टन वरच्या टोकाला आला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले की थांबायचं. रॉकर बोटांनी हलवून बघितला तर बारीक टकटक लागते. त्या टकटकीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पातळ पाती घालायची : इनटेकला ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.१५. जाड पुस्तकात दाबलेला कागद ओढताना हाताला जो अटकाव जाणवतो, तेवढाच पातीला जाणवला पाहिजे. नसेल तर लॉकनट ढिला करायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, नट कसायचा. कसताना स्क्रू जरासा सरकतोच, म्हणून परत पाती घालून बघायचं.

टॅपेटचा थोडा आवाज येणाऱ्या इंजिनाला घाबरू नये. घाबरावं ते अगदी गप्प टॅपेटला. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः तो बंद असताना तो जिथे टेकतो त्या कड्यातून निघून जाते. टॅपेट घट्ट झाला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, उष्णता आतच राहते आणि कड जळते. ०.१५ मिलिमीटरची फट म्हणजे इंजिनाचं आयुष्य आहे, आणि ती तपासायला लागतात दोन-तीन पाने, एक गेज आणि एक निवांत सकाळ.

त्याच काळात इटलीत दुसरी एक सुंदर स्पोर्ट-टूरर बनत होती : बोलोन्याची डुकाटी एसटी, १९९७ ते २००७. तिचं इंजिन चपळ, आवाज अंगावर काटा आणणारा. पण त्यात व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर आणि बंद करायलाही एक, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन फटी मोजायच्या, आणि व्हॉल्व्हची हालचाल चालवणारे टायमिंगचे पट्टे वेळेवर बदलायचे. ज्याला त्या कामाची हौस आहे त्याने ती जरूर घ्यावी. मी नोर्जे निवडली, कारण घाटात थोडं कमी पळालं तरी चालेल, पण इंजिन माझ्या हाताला सापडलं पाहिजे.

[गाडीची खालची बाजू. टॉर्चचा उजेड.]

इटालियन गाडी म्हणजे सतत बिघाड, हे मी पुण्यातही ऐकलं आहे आणि इथे मिलानमध्येही. जुन्या गाडीत खराब होतं ते बहुधा इंजिन नसतं. रबर कडक होतं. वायरच्या जोडांत हिरवा गंज धरतो. बॅटरी हिवाळाभर तशीच पडून बसते आणि मग मीटरच्या पडद्यावर नाही नाही ते इशारे दिसायला लागतात. दर वेळी आधी बॅटरीचे व्होल्ट बघावेत. आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या जोडदांड्यातल्या बेअरिंग. त्या खाली, चाकाच्या पुढ्यात असतात. रस्त्यावरचं पाणी, बर्फासाठी टाकलेलं मीठ, सगळं त्यांच्यावर उडतं. ग्रीस सुकलं की गाडी खड्ड्यावर ठणकते आणि मालक शॉकॲब्जॉर्बरला दोष देतो.

सुट्या भागांची काळजी कमी आहे, कारण ब्रेव्हा, ग्रीझो या त्याच घराण्यातल्या गाड्यांचे बरेच भाग सारखे आहेत. इटलीत नव्या गाडीची सरकारी तपासणी चार वर्षांनी, आणि पुढे दर दोन वर्षांनी होते : ब्रेक, दिवे, आवाज, धूर. २० वर्षं झाली की ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदणीही मागता येते, आणि पहिल्या नोर्जे आता त्या वयाला आल्या आहेत.

युरोपात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना अशी गाडी घ्यायची असेल, त्यांनी मीटरवरचे किलोमीटर शेवटी बघावेत. आधी सर्व्हिसच्या पावत्या मागा. बेव्हल गिअरच्या पेटीखाली बोट फिरवा, तेल लागतंय का बघा. डबल स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवा. जोडदांड्यांना ग्रीस शेवटचं कधी लावलं ते विचारा. मग गार इंजिन चालू करून दोन्ही बाजूंना कान लावा. डाव्या-उजव्या टॅपेटचा आवाज सारखा पाहिजे. आणि मालकाला विचारा, टॅपेट शेवटचे कोणी सेट केले. "मीच केले," असं म्हणून तो गेज आणायला आत गेला, तर भावात फार ताणू नका.