ऊन फुकट, खात्री महाग

नमस्कार श्रोतेहो.

सौर वीजनिर्मितीत खासगी पैसा यावा म्हणून सरकारने काय करावं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं अनुदान. मला ते पटत नाही. अनुदान नंतर, आधी खात्री. विकलेल्या विजेचे पैसे वेळेवर मिळतील, ही खात्री.

सौर प्रकल्पाला ऊन फुकट मिळतं, पण जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच, आणि तोही बराचसा कर्ज काढून करावा लागतो. पुढची 25 वर्षं पैसे येतील का, याची धाकधूक असली की बँक व्याज चढं लावते. व्याज चढलं की वीज महागली.

आता रीवाची गोष्ट. ही मी संधी मिळेल तिथे सांगते. मध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्यात 750 मेगावॉटचा सौर प्रकल्प ठरला. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याचा लिलाव झाला. उलटा लिलाव बरं का! यात बोली चढत नाही, उतरते. जो सर्वांत कमी दराने वीज देईल, काम त्याचं. पण बोली लावण्याआधीच तिथल्या अधिकाऱ्यांनी कंपन्यांच्या मनातली एकेक भीती शोधून काढली होती. जमीन कोण देणार? सरकार. वीज घेणार कोण? राज्य, आणि सोबत दिल्ली मेट्रो. बिल थकलं तर? आधी बँकेचं हमीपत्र, मग वेगळा राखीव निधी आणि तेही अपुरं पडलं तर खुद्द राज्य सरकारची हमी. एकावर एक तीन कवचं! मग ऑनलाइन बोली सुरू झाली. दिवस संपला, रात्र सरली, तरी कोणी मागे हटेना. 33 तास चालला तो लिलाव. दर थांबला पहिल्या वर्षासाठी युनिटमागे 2 रुपये 97 पैशांवर. वर्षभरापूर्वी, जानेवारी 2016 मध्ये, राजस्थानातल्या 4 रुपये 34 पैशांना लोक विक्रम म्हणत होते! पॅनेल स्वस्त झाली होती, हे खरं. पण स्वस्त पॅनेल सगळ्याच राज्यांना मिळत होती. ही तीन कवचं मात्र रीवाने उभी केली.

  

खात्री मोडली की काय होतं, तेही ऐका. 2019 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आधीच झालेल्या सौर आणि पवन वीजकरारांचे दर पुन्हा ठरवायचं काढलं. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या, आणि 2022 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मधली वर्षं मात्र वादात गेली. केलेला करार सरकारने पाळायचाच, यात मला दुसरं मत मान्य नाही.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत विजेच्या उपकेंद्राजवळ खासगी प्रकल्प उभे राहतात, सरकारी जमीन भाड्याने मिळते आणि शेतीला दिवसा वीज मिळते. रात्री अंधारात, साप-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी मला ही योजना यशस्वी व्हायला हवी आहे. त्यासाठी गुंतवणूकदाराच्या एका प्रश्नाला सरकारने लेखी उत्तर द्यावं: दरमहा बिल कोण भरणार, आणि त्याने थकवलं तर कोण?