ज्वारीची उपजत ढाल

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. ज्वारी उगवली की पहिले चार आठवडे खोडमाशीचे. या माशीला रोप स्वतः कसं थोपवतं, ते आज सांगायचं आहे.

मादी पानाच्या खालच्या बाजूला, मध्यशिरेला समांतर, पांढरं लांबुळकं अंडं घालते, बहुधा रोपाला एकच. दोनेक दिवसांत अळी निघते आणि पहाटे ओल्या पोंग्यावरून, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांवरून, खाली सरकते. वाढीचा कोंब कुरतडला की मधलं पान सुकतं. हीच पोंगेमर. ते पान हलक्या हाताने ओढा, सहज निघून येतं आणि बुडाशी कुजका वास येतो.

पोंग्यावरची ही ओल नुसतं दव नसतं. पाणी रोपातूनच पाझरतं. ज्या वाणाचा पोंगा कोरडा राहतो, तिथे अळीची वाट अडते. शिवाय काही वाणांची पानं कोवळेपणी फिकट, चकचकीत आणि खालून बारीक लव असलेली असतात. माशी तिथे बसते खरी, पण अंडी कमी घालते. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी सकाळच्या उन्हात ओळी न्याहाळा, चकाकी लगेच कळते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा मालदांडी ३५-१ हा वाण या गुणांमुळेही रब्बीत टिकून आहे.

मात्र ही ताकद कमी-जास्त असते, पूर्ण नव्हे. माशीला दुसरं रोप मिळालंच नाही, तर ती चकचकीत पानावरही अंडी घालते. एकाच शिवारात पेरणी पुढेमागे झाली की आधीच्या रानात वाढलेल्या माश्या मागच्या कोवळ्या रोपांवर तुटून पडतात. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून पेरणी एकदमच उरका. खरिपात पाऊस स्थिरावताच पेरा, लांबवू नका. पुरेशा ओलीवर, सुमारे ५ सेंटिमीटर खोल पेरलं की रोप झपाट्याने वाढतं आणि नाजूक काळ लवकर ओलांडतं. बियाणं किंचित जास्त वापरा आणि विरळणी करताना पोंगेमर झालेली रोपं आधी काढा. ती बांधावर टाकू नका, आत अळी जिवंत असते. रानाबाहेर नेऊन नष्ट करा. विरळणीनंतर दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राहू द्या.

पोंगा मेला तरी काही वाण बुडातून फुटवे काढतात. फुटवे जोमदार असतील तर कणसं मिळतात, पण उशिरा. काढणीला सगळं रान एकदम पक्व होत नाही, हे धरूनच पुढचं नियोजन करा.