लग्न एका देशात खरे, दुसऱ्या देशात रद्द

मित्रहो,

१८९८ साली इंग्लंडमध्ये एका इंग्रज तरुणीचे लग्न एका फ्रेंच तरुणाशी झाले. तरुणाचे वय १९ होते. इंग्रजी कायद्याला हवे ते सर्व विधी आणि नोंदी यथास्थित झाल्या होत्या. आईवडिलांची संमती मात्र घेतलेली नव्हती, आणि त्या काळच्या फ्रेंच कायद्यानुसार त्या वयाच्या मुलाला ती घ्यावीच लागत असे. वडिलांना कळल्यावर त्यांनी मुलाला फ्रान्सला परत नेले. १९०१ साली फ्रेंच न्यायालयाने हे लग्न रद्दबातल ठरवले आणि मुलाने तिकडे दुसरा संसार थाटला. इकडे त्या स्त्रीने इंग्रजी न्यायालयात घटस्फोट मागितला, तेव्हा तिला उत्तर मिळाले की पतीचा अधिवास (म्हणजे कायद्याने मानलेले कायमचे घर) तोच पत्नीचा अधिवास, तो फ्रान्समध्ये आहे, सबब या न्यायालयाला अधिकार नाही. १९०४ मध्ये तिने ओग्डेन नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला. काही काळाने या गृहस्थानेच न्यायालयात धाव घेतली: आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या पत्नीचा पहिला नवरा हयात होता, म्हणून आमचे लग्नच झालेले नाही. १९०८ साली अपील न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले.

या स्त्रीची स्थिती काय झाली, ती जरा डोळ्यांसमोर आणा. फ्रान्सच्या लेखी ती अविवाहित. इंग्लंडच्या लेखी ती अशा माणसाची पत्नी, ज्याची फ्रान्समध्ये दुसरी कायदेशीर पत्नी आहे. ज्याच्याबरोबर तिने संसार केला त्याच्याशी तिचे लग्न झालेलेच नाही, आणि पहिल्यातून सुटण्यासाठी ती गेली होती तेव्हा दार बंद होते. कुठल्याही न्यायाधीशाने कायदा मोडला नाही. दोन्ही देशांनी आपापला कायदा नेमका लावला, आणि त्या नेमकेपणातूनच हा अन्याय जन्माला आला. कायद्याच्या परिभाषेत अशा नात्याला लंगडा विवाह म्हणतात. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच की, सीमा ओलांडणाऱ्या नात्यांच्या कायद्यात कोणत्या देशाचा कायदा अधिक चांगला हा मुख्य प्रश्न नसतो. माणसाचे नाते सीमेपलीकडेही तेच राहील, हे कशाने साधेल हा मुख्य प्रश्न असतो.

या विद्याशाखेचे नाव खासगी आंतरराष्ट्रीय कायदा. नाव फसवे आहे, कारण तो बव्हंशी आंतरराष्ट्रीय नसतो. प्रत्येक देशाचा खासगी आंतरराष्ट्रीय कायदा त्याचा स्वतःचा असतो. त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात आणि पक्षकार ते नेहमी एकच समजतात. कोणत्या देशाच्या न्यायालयाला दावा ऐकण्याचा अधिकार आहे, हा पहिला. ते न्यायालय कोणत्या देशाचा कायदा लावेल, हा दुसरा. आणि त्याने दिलेला निकाल बाकीचे देश मानतील का, हा तिसरा. एखादे न्यायालय स्वतः बसून परक्या देशाचा कायदा लावते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण हे रोजचे काम आहे.

ओग्डेन खटल्यात गाठ कुठे बसली, ते जवळून पाहू. लग्नाच्या विधीला जिथे लग्न झाले तिथला कायदा लागतो, आणि वधूवरांच्या पात्रतेला त्यांच्या स्वतःच्या देशाचा कायदा लागतो, हे तत्त्व दोन्ही देशांना ढोबळ मानाने मान्य होते. वाद एवढाच की आईवडिलांची संमती हा विधीचा भाग की पात्रतेचा? फ्रान्स म्हणाला पात्रतेचा, म्हणून फ्रेंच कायदा. इंग्लंड म्हणाले विधीचा, म्हणून इंग्रजी कायदा. याला वर्गीकरणाचा प्रश्न म्हणतात. नियम सारखे असूनही निकाल उलटे येतात, कारण एकच गोष्ट दोन देश दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. माझ्या मते इंग्रजी न्यायालयाचे वर्गीकरण येथे चुकले. ज्या संमतीवाचून मुलगा आपल्या देशाच्या कायद्याने लग्नच करू शकत नाही, तिला निव्वळ विधी म्हणणे म्हणजे परक्या कायद्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकायला नकार देणे होय.

आता माणसाला कोणत्या देशाशी बांधायचे, याकडे वळू. इथे तीन दुवे मानले जातात: राष्ट्रीयत्व, अधिवास आणि नेहमीचे वास्तव्य. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेच्या तिसऱ्या कलमाने सांगितले की फ्रेंच माणूस परदेशात राहत असला तरी त्याची वैयक्तिक स्थिती आणि पात्रता फ्रेंच कायद्यानेच ठरेल. पुढे १८५१ मध्ये नेपल्सहून परागंदा झालेले इटालियन विधिज्ञ मान्चिनी यांनी तुरीन येथील व्याख्यानात राष्ट्रीयत्व हाच या कायद्याचा पाया मानला. ज्या देशाचे अजून एकीकरण व्हायचे होते त्या देशाच्या माणसाने हा विचार मांडावा, यात नवल नाही. १८६५ च्या इटालियन नागरी संहितेत तो उतरला आणि युरोप खंडात पसरला. इंग्लंड आणि ज्या देशांनी इंग्रजी परंपरा उचलली ते मात्र अधिवासावर ठाम राहिले.

अधिवास म्हणजे राहण्याचे ठिकाण, असे सर्वसाधारण माणूस समजतो. कायद्याला तेवढे पुरत नाही. तिथे कायम राहण्याचा इरादा लागतो. जन्माबरोबर मिळालेला मूळ अधिवास तर इतका चिवट असतो की तो सुटला हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. ग्लासगोत जन्मलेले एक गृहस्थ १८९२ मध्ये लिव्हरपूलला गेले आणि १९२७ मध्ये तिथेच वारले. मधली सुमारे ३५ वर्षे ते लिव्हरपूल सोडून क्वचितच बाहेर पडले; आईच्या अंत्यविधीलाही स्कॉटलंडला गेले नाहीत, आणि स्वतःच्या दफनाची सोयही त्यांनी लिव्हरपूललाच करून ठेवली होती. मागे ठेवलेले मृत्युपत्र त्यांनी स्वहस्ते लिहिले होते, त्यावर साक्षीदार नव्हते. स्कॉटलंडच्या कायद्याने ते वैध, इंग्लंडच्या कायद्याने अवैध. १९३० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की अधिवास शेवटपर्यंत स्कॉटलंडचाच होता. मृत्युपत्र टिकले आणि ज्या रुग्णालयांना त्यांनी पैसे ठेवले होते त्यांना ते मिळाले. निकालाचे फळ चांगले, म्हणून मला त्याबद्दल आनंद आहे. पण ३५ वर्षांच्या सलग वास्तव्यापेक्षा मनातला न बोललेला इरादा जड ठरावा, ही कसोटी सामान्य माणसाच्या जगण्यापासून फार दूर गेलेली आहे. याच अधिवासाच्या नियमाने विवाहित स्त्रीला पतीच्या मागे फरफटत नेले होते. इंग्लंडमध्ये पत्नीला स्वतंत्र अधिवास मिळाला तो १९७३ च्या कायद्याने.

राष्ट्रीयत्वही कमी अडचणीचे नाही. दोन पासपोर्ट असलेल्याचे काय, निर्वासिताचे काय, आणि लहानपणीच देश सोडलेल्याने ज्याची भाषाही विसरली त्या देशाच्या कायद्याने का बांधले जावे? म्हणूनच या कायद्यात देशोदेशी एकवाक्यता आणण्यासाठी १८९३ पासून भरत आलेल्या हेग परिषदेने हळूहळू तिसरा दुवा पुढे आणला: नेहमीचे वास्तव्य, म्हणजे माणसाचे रोजचे जगणे प्रत्यक्षात जिथे चालते ते ठिकाण. ही परिषद ज्यांच्या प्रयत्नांनी सुरू झाली त्या डच विधिज्ञ आसर यांना १९११ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले होते. दोन देशांतल्या कुटुंबांचे तंटे मिटवण्याची यंत्रणा उभी करणे हे शांततेचेच काम, असे त्या समितीला वाटले. ते मला अगदी योग्य वाटते.

मालमत्तेचा भाग वरवर सोपा आहे. जमीन आणि घर जिथे आहे तिथला कायदा. जमीन उचलून नेता येत नाही आणि तिची नोंदवही दुसऱ्या देशात नसते, त्यामुळे या नियमाला फारसे कुणी आव्हान देत नाही. जंगम वस्तूंनाही, हस्तांतर झाले त्या क्षणी वस्तू जिथे होती तिथला कायदा लागतो, आणि इथे मात्र नियम मनाला टोचतो. इंग्लंडमधल्या एका संग्राहकाच्या घरातून जपानी बनावटीच्या लहान कलावस्तू चोरीस गेल्या, इटलीत एका खरेदीदाराला विकल्या गेल्या आणि पुढे लिलावासाठी लंडनलाच परत आल्या. मूळ मालक म्हणाला, माझ्या वस्तू मला द्या. इंग्रजी न्यायालयाने ठरवले की विक्री इटलीत झाली, तेव्हा मालकी कुणाची हे इटालियन कायदाच सांगेल. आणि तो कायदा प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याच्या बाजूने झुकतो. मालकाला हे कडू वाटणारच. पण बाजारात वस्तू घेणाऱ्याने तिचा आजवरचा सगळा प्रवास देशोदेशीच्या कायद्यांनी तपासावा, अशी अपेक्षा धरली तर व्यापारच थांबेल.

खरा गुंता वारशात होतो. भारताच्या १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमाचे पाचवे कलम घ्या: भारतातील स्थावराच्या वारशाला भारताचा कायदा, जंगमाला मृताच्या अधिवासाचा कायदा. इंग्रजी परंपरेतला हा दुहेरी नियम आहे. याने एकाच माणसाचा वारसा दोन तुकड्यांत वाटला जातो. घर एका मुलाला, बँकेतले पैसे दुसऱ्या हिशोबाने. युरोपीय संघाने नेमका उलटा मार्ग धरला. १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या वारसाहक्क नियमावलीप्रमाणे स्थावर असो की जंगम, संपूर्ण वारशाला मृताच्या शेवटच्या नेहमीच्या वास्तव्याचा एकच कायदा लागतो. आणि हयातीत त्याने लेखी निवड केली तर त्याऐवजी त्याच्या राष्ट्रीयत्वाचा कायदा. डेन्मार्क आणि आयर्लंड यात सामील नाहीत. मला हा मार्ग पसंत आहे, मुख्यतः त्या निवडीच्या अधिकारामुळे. मात्र ज्याचे घर या नियमावलीबाहेरच्या देशात आहे त्याने गाफील राहू नये; तिथले न्यायालय ही निवड बाजूला ठेवू शकते.

आणि दोन देशांचे नियमच एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर? फोर्गो नावाच्या एका माणसाचा जन्म १८०१ मध्ये बव्हेरिया या जर्मन राज्यात अनौरस संतती म्हणून झाला. पाच वर्षांचा असताना तो फ्रान्सला आला, आयुष्य तिथेच काढले आणि १८६९ मध्ये पो शहरी वारला. मात्र फ्रेंच सरकारची परवानगी घेऊन रीतसर अधिवास त्याने कधी मिळवला नव्हता. फ्रेंच नियम म्हणाला, याचा कायदेशीर अधिवास बव्हेरियात, म्हणून जंगम मालमत्तेला बव्हेरियाचा कायदा. त्याने आईकडच्या नातेवाइकांना वारसा मिळाला असता. पण बव्हेरियाचा स्वतःचा नियम म्हणत होता की माणूस प्रत्यक्ष जिथे राहिला तिथला कायदा लावा. १८७८ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ही परत आलेली पाठवणी, म्हणजे बव्हेरियाच्या नियमाने फ्रेंच कायद्याकडे दाखवलेले बोट, स्वीकारली आणि फ्रेंच कायदा लावला. फ्रेंच कायद्याने नातेवाइकांना काहीच मिळत नव्हते. मालमत्ता फ्रेंच सरकारजमा झाली. पाठवणीच्या या सिद्धान्तावर तेव्हापासून पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मी तो टाकाऊ मानत नाही, पण ज्या सरकारला लाभ होणार त्याच सरकारच्या न्यायालयाने त्याची मुहूर्तमेढ रोवावी, हे मला कायम खटकत आले आहे.

परदेशी हुकूमनामा मानावा की नाही, याचेही असेच. १९९१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अमेरिकेतील मिसुरी राज्यातून पतीने मिळवलेला घटस्फोट आला. पत्नीने तिथल्या न्यायालयाचा अधिकार कधीच मान्य केलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा नाकारला आणि सांगितले की, ज्या विवाहकायद्याखाली लग्न झाले त्यात मान्य असलेला अधिकार आणि मान्य असलेले कारण असल्याशिवाय, सर्वसाधारणपणे, असा निकाल चालणार नाही. दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने आणि खऱ्या अर्थाने भाग घेतला असेल तर गोष्ट वेगळी. मागे राहिलेल्या पत्नीला यातून मोठे संरक्षण मिळाले. पण याच्या उलट बाजूला तीच जुनी जखम आहे: तो माणूस मिसुरीत मोकळा आणि भारतात विवाहित. नकार देताना न्यायालय एका अन्यायाला थोपवते आणि एक लंगडे नाते जन्माला घालते. तो समतोल प्रत्येक प्रकरणात नव्याने साधावा लागतो.

शेवटी मुलांचा प्रश्न. आईवडिलांपैकी एकाने मूल उचलून दुसऱ्या देशात नेले, तर १९८० च्या हेग कराराने एक फार शहाणपणाचा मार्ग काढला. मूल कुणाकडे राहावे हा प्रश्न, मूल जिथे नेले तिथले न्यायालय सोडवायला बसत नाही. मूल १६ वर्षांखालील असेल आणि अर्ज वर्षाच्या आत आला असेल, तर गंभीर धोक्यासारख्या मोजक्या अपवादांखेरीज ते मूल त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवायचे, आणि ताब्याचा निवाडा तिथल्या न्यायाधीशाने करायचा. भारताने हा करार अजून स्वीकारलेला नाही. हिंसेतून सुटून आलेल्या आईला याच नियमाने परत ढकलले जाईल, ही त्यामागची एक प्रामाणिक धास्ती आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही.

जिथे हा करार लागू आहे तिथे सारा भार एकाच प्रश्नावर येतो: मुलाचे नेहमीचे वास्तव्य कुठे होते? करारात त्याची व्याख्या मुद्दामच दिलेली नाही. वकील पासपोर्ट घेऊन येतात. न्यायाधीश विचारतो ते शाळेचे हजेरीपत्रक, लसीकरणाची नोंद, घराचा भाडेकरार, मूल घरी कोणत्या भाषेत बोलते ते, आणि शेजारी त्याचे मित्र कोण होते ते.