कृपादान नेमके कोणाचे असते?

प्रभूच्या नावाने आपणां सर्वांना सलाम.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने आलेले विश्वासणारे, आणि त्यांतही तरुण मुलेमुली, मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: "माझे कृपादान कोणते आहे, हे मला कसे कळेल?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून दिले पाहिजे. परंतु त्यातला 'माझे' हा पहिलाच शब्द मला दर वेळी थांबवतो, कारण कृपादान, म्हणजे देवाच्या आत्म्याने सेवेसाठी दिलेली क्षमता, ज्याच्या हाती दिले जाते त्याच्यासाठी ते नसते. ते मंडळीतल्या इतरांसाठी असते, आणि त्या व्यक्तीकडे ते सोपवलेले असते. आजच्या व्हिडिओत मला एवढेच मांडायचे आहे, कारण कृपादान ओळखावे कसे, वापरावे कसे आणि कोणत्या वेळी आवरावे, या तिन्ही प्रश्नांची वाट इथूनच जाते.

आधी शब्दाकडे पाहू. नव्या करारात यासाठी 'खारिस्मा' हा ग्रीक शब्द येतो, आणि तो 'खारिस' म्हणजे कृपा या शब्दापासून झाला आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रातील 'कृपादान' हा शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण त्यात कृपा आणि दान ही दोन्ही अंगे टिकून राहिली आहेत. केलेल्या कामाचे वेतन किंवा चांगल्या वर्तनाचे बक्षीस असा अर्थ त्यातून काढताच येत नाही. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात याच्या जोडीला 'कारभारी' हा शब्द आणतो: ज्याला जे कृपादान मिळाले आहे त्याने ते देवाच्या नानाविध कृपेचा चांगला कारभारी म्हणून एकमेकांच्या सेवेसाठी वापरावे. कारभाऱ्याच्या हाती धन्याच्या कोठाराच्या किल्ल्या असतात, पण कोठारातले धान्य त्याचे नसते. घरातल्या माणसांना ते वेळच्या वेळी पोहोचले की नाही, याचा हिशेब मात्र त्याच्याकडे मागितला जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. कॅथलिक परंपरेत 'पवित्र आत्म्याची सात दाने' असे म्हटले जाते, तेव्हा त्याचा आधार यशयाच्या ११ व्या अध्यायात असतो, आणि ती दाने विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणाला देवाच्या मार्गावर स्थिर करण्यासाठी मानली जातात. आज आपण ज्यांविषयी बोलत आहोत ती कृपादाने मुख्यतः प्रेषित पौलाने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत येतात आणि ती मंडळीच्या उभारणीसाठी आहेत. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, मात्र ते वेगळे आहेत.

आता करिंथला जाऊ या. या विषयावरचे सर्वांत सविस्तर लेखन पौलाने ज्या मंडळीसाठी केले, ती मंडळी आदर्श नव्हती. करिंथ हे दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर वसलेले, दोन बंदरांचे गजबजलेले व्यापारी शहर होते. पौलाने तिथे दीड वर्ष राहून शिकवले होते, आणि पुढे इ. स. ५५ च्या सुमारास त्याने इफिस शहरातून करिंथकरांस पहिले पत्र लिहिले. पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही. वाचणाऱ्याला वाटते, किती धन्य मंडळी! आणि मग पाने उलटत जातात. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवतो, कोणी अपुल्लोस या शिक्षकाचा, कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा. भाऊ भावाला न्यायालयात खेचतो. प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी राहतो तर दुसरा पिऊन तर्र होतो. तिसऱ्या अध्यायात पौल याच लोकांना ख्रिस्तामधील बाळके म्हणतो आणि सांगतो की मी तुम्हांला दूध पाजले, जड अन्न तुम्हांला पेलले नसते.

ज्यांना कोणत्याही कृपादानाची उणीव नव्हती, तीच माणसे आध्यात्मिक दृष्टीने तान्ही होती, हे वाक्य मी स्वतः पचवायला बरीच वर्षे घेतली. आपण सहज धरून चालतो की जो प्रभावी संदेश देतो, ज्याच्या प्रार्थनेने आजारी माणसाला बरे वाटते, तो देवाच्या अधिक जवळचा असणार. करिंथ हे गृहीतक मोडून टाकते, आणि मत्तयाच्या ७ व्या अध्यायात प्रभू येशू ते त्याहून कठोर शब्दांत मोडतो: त्याच्या नावाने संदेश दिलेल्या, भुते घालवलेल्या आणि अद्भुत कृत्ये केलेल्या माणसांनाच तो सांगेल की मला तुमची कधी ओळख नव्हती. माणसाची वाढ पाहायची असेल, तर ती गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील आत्म्याच्या फळांत पाहावी. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि तिथे सांगितलेले बाकीचे गुण फळासारखे हळूहळू पिकतात. कृपादान एका दिवसात मिळू शकते. सहनशीलता एका दिवसात येत नाही. म्हणून मंडळीने एखाद्याला पुढारीपण देताना त्याच्या व्यासपीठावरच्या सामर्थ्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या घरातल्या वागण्याकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

कृपादाने एकूण किती, हा प्रश्नही हमखास येतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात ८ ते १० या वचनांत ९ नावे येतात: ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करण्याची दाने, अद्भुत कार्ये, संदेश देणे (म्हणजे देवाकडून मिळालेले वचन सांगणे), आत्मे पारखणे, निरनिराळ्या भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या) बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे. त्याच अध्यायाच्या २८ व्या वचनात यादी बदलते. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात ७ नावे आहेत, आणि त्यांत बोध करणे, दान देणे, दया करणे ही येतात. इफिसकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक, अशी माणसेच दाने म्हणून दिलेली आहेत. कोणतीही दोन ठिकाणे हुबेहूब जुळत नाहीत. पौलाला पक्की यादी द्यायची असती तर ती त्याला एकदाच लिहिता आली असती. तो समोरच्या मंडळीला हवी तेवढी उदाहरणे देत गेला.

त्या २८ व्या वचनातले दोन शब्द मला तुमच्यापुढे मुद्दाम ठेवायचे आहेत, कारण वाचताना ते आपल्या नजरेतून निसटतात. अद्भुत कार्ये आणि भाषा यांच्या मधोमध पौल 'साहाय्य करणे' आणि 'व्यवस्था पाहणे' ही दाने ठेवतो. व्यवस्थेसाठीचा मूळ ग्रीक शब्द 'कुबेर्नेसिस' हा जहाज हाकारण्याचा, सुकाणू सांभाळण्याचा शब्द आहे. ज्या शहराचे जगणे जहाजांवर चालत होते, तिथल्या लोकांना तो ऐकताच सुकाणू धरून उभा असलेला माणूस आठवला असेल. मंडळीचे हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती, सभेतला वाद शांतपणे निर्णयापर्यंत नेणारी व्यक्ती, आजाऱ्याच्या घरी कोण केव्हा जाईल हे न विसरता ठरवणारी व्यक्ती, या सर्वांना पौल रोग बरे करणाऱ्याच्याच ओळीत बसवतो. आपण मात्र अशा कामांना 'मदतनीस लागतात' एवढ्यावरच सोडून देतो.

मग जन्मजात कौशल्य आणि कृपादान यांत फरक काय? निर्गमच्या ३१ व्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे, आणि ते काम निवासमंडपासाठी, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूसाठी, होते. हात कारागिराचे होते आणि कौशल्य देवाच्या आत्म्याचे होते. त्यामुळे या दोहोंमध्ये भिंत घालण्याचा आग्रह मला पटत नाही. गाणारी व्यक्ती स्वतःचा आवाज ऐकवण्यासाठी गाते की मंडळीला उपासनेत नेण्यासाठी, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

आता ओळखण्याविषयी. प्रश्नावली भरायची, गुण मोजायचे आणि शेवटी आपले कृपादान कोणते ते वाचायचे, अशी पद्धत अनेक मंडळ्यांत रूढ झाली आहे. तिने चर्चेला सुरुवात होते, हे मी मान्य करते. परंतु प्रश्नावलीत आपण स्वतःबद्दल जे मानतो तेच लिहितो, आणि नव्या करारात कोणीही एकांतात बसून आपले कृपादान शोधताना दिसत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते, तेव्हा मंडळीच सात माणसे निवडते. गरज आधी आली आणि माणसे तिच्यामुळे पुढे आली. यापो येथील टबीथा मरण पावते, तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवतात. तिच्या दानाची साक्ष त्यांच्या अंगावर होती. पौलाकडे यरुशलेमेतले शिष्य भीतीने पाहत होते, त्या वेळी बर्णबा नावाच्या विश्वासणाऱ्याने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले, आणि पुढे अंत्युखियात काम वाढल्यावर तार्साला जाऊन त्याला शोधून आणले.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी सांगते की आधी मंडळीत कोणती गरज उघडी पडली आहे ते पाहा, आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहता तिथे हात लावा. काही महिन्यांनी, तुम्हांला ओळखणाऱ्या आणि तुमची खोटी स्तुती न करणाऱ्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना विचारा: माझ्यामुळे कोणाची उभारणी झाली का? मी स्वतः तरुणपणी वचन सांगण्याच्या मागे लागले होते. मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी मला सांगितले की तू बोलतेस तेव्हा आम्ही ऐकतो, पण तू दुःखी माणसाजवळ गप्प बसतेस तेव्हा त्याला धीर येतो. त्या दिवशी मला वाईट वाटले होते. शिकवण्याचे काम मी आजही करते, मात्र त्यांनी दाखवलेले काम मी पुन्हा कधी दुय्यम मानले नाही.

भाषा, संदेश आणि आरोग्यदान यांविषयी मंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम या प्रसिद्ध प्रवचनकाराने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायावर प्रवचन करताना कबूल केले की हा भाग फार दुर्बोध आहे, कारण तेव्हा घडणाऱ्या गोष्टी आता घडत नाहीत. उलट १९०६ साली लॉस एंजेलिस येथील अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांतून जी पेंटेकॉस्टल चळवळ पसरली, तिच्या वारशातले कोट्यवधी विश्वासणारे ही दाने आजही मिळतात असे मानतात. मी स्वतः ती थांबली असे मानत नाही, कारण तसे सांगणारे स्पष्ट वचन मला सापडलेले नाही. परंतु ती चालू आहेत असे मानणाऱ्यांवरच त्याच पत्राच्या १४ व्या अध्यायाची जबाबदारी अधिक येते. अन्य भाषेत दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावे; अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे; संदेष्ट्यांचे बोलणे इतरांनी पारखावे. मंडळीत अन्य भाषेतील दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बोलणे पौलाला बरे वाटते. "देवाने मला सांगितले" असे म्हणून जो माणूस पारख नाकारतो, तो या अध्यायाच्या बाहेर जाऊन बोलत असतो.

आरोग्याच्या प्रार्थनेबद्दल मला कळकळीने बोलायचे आहे. आजारी माणूस बरा झाला नाही, म्हणजे त्याचा विश्वास कमी पडला, असे त्याच्या तोंडावर सांगितले जाते. पौलाच्या हातून अनेक जण बरे झाले होते, तरीही त्याने आपला सहकारी त्रफिम याला मिलेत येथे आजारी सोडले आणि दुसरा सहकारी तीमथ्य याला वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. त्या दोघांच्या विश्वासावर त्याने एका शब्दानेही बोट ठेवले नाही. प्रार्थना अवश्य करा, हात ठेवून करा, आणि औषधोपचार थांबवण्यास कोणालाही सांगू नका.

जो या दानांसाठी पैसे मागतो, त्याने शोमरोनातील शिमोनाची गोष्ट वाचावी. त्याने पैसे देऊन प्रेषितांचा अधिकार विकत मागितला, तेव्हा पेत्राने त्याला दिलेले उत्तर नव्या करारातील अत्यंत कडक उत्तरांपैकी आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय विवाहप्रसंगी हमखास वाचला जातो, पण तो १२ व्या आणि १४ व्या अध्यायांच्या मधे आहे, हे आपण विसरतो. प्रीती सहनशील आहे, ती फुगत नाही, स्वार्थ पाहत नाही, हे शब्द आधी कृपादानांवरून भांडणाऱ्या माणसांना लिहिले गेले. संदेश आटोपता घेऊन दुसऱ्याला बोलू देणे, गाण्याची संधी नवख्या मुलीला देणे, आपल्याहून चांगले शिकवणारा आल्यावर त्याच्यासमोर श्रोता होऊन बसणे, असा तो अध्याय मंडळीत वाचावा लागतो.

कलस्सैकरांस पत्राच्या अगदी शेवटी अर्खिप्प नावाच्या माणसासाठी एक निरोप आहे: प्रभूमध्ये तुला मिळालेली सेवा पूर्ण करण्याकडे लक्ष दे. हा निरोप पौल त्याला थेट लिहीत नाही. "अर्खिप्पाला सांगा," असे तो सर्व मंडळीला लिहितो, आणि ते पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाणार होते. ती सेवा कोणती होती हे पत्रात लिहिलेले नाही. पत्र ऐकणाऱ्या मंडळीला ते लिहून कळवण्याची गरज नव्हती.