उन्हातून काढलं की लगेच डबा भरू नका! आमसुलं, बियाणं आणि गोधडीची पावसाळ्याआधीची तयारी

नमस्कार मंडळी! मागच्या आमसुलांच्या व्हिडिओखाली तुमच्या प्रश्नांचा ढीग साचलाय. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, "ताई, नेमके किती दिवस वाळवायचं?" आणि त्याच्या खालोखाल, "ताई, कडकडीत उन्हात वाळवलं, तरी श्रावणात डबा उघडला तर बुरशी!" आज या दोन्हींवर बोलू. मे संपत आलाय. मृग 7-8 जूनला लागतो, पण पाऊस काही पंचांग बघून येत नाही. 2025 साली तो 26 मेलाच मुंबईत पोचला होता. आमच्या वाडीत तेव्हा रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावर आणि सालं अंगणात, अशी सगळ्यांची धावपळ झाली होती. त्यामुळे हा व्हिडिओ बघून लगेच कामाला लागा.

आधी कृती भराभर सांगते, ती तुम्हाला माहीत आहेच. पिकलेले रातांबे धुवायचे, पुसायचे, अर्धे कापायचे. गर आणि बिया एका भांड्यात, सालं वेगळी. गरात जाडं मीठ घालायचं. मी किलोभर रातांब्यांना शंभर ते दीडशे ग्रॅम घालते. मिठाने रस सुटतो, त्या रसात सालं बुडवायची आणि उन्हात पसरायची. दुसऱ्या दिवशी परत रसात, परत उन्हात. ही पुटं. चार-पाच पुटं दिली की सालं काळपट आणि मऊ होतात. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा चांगल्या स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम अजिबात नको, कोकम फार आंबट असतं. झालं. यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते संध्याकाळी चार ते सहाच्या मधलं काम. आणि नेमकं तेच कुणी दाखवत नाही.

हल्ली सुंदर बरण्यांचे व्हिडिओ फार चाललेत. काचेच्या बरण्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी, मागे मंद संगीत. बघायला छान वाटतं, मीही बघते. पण त्यात काय दाखवतात? ताई गच्चीवरून ताट उचलते, तसंच ओट्यावर आणते, बरणीत ओतते, झाकण घट्ट फिरवते. अहो, ताट अजून गरम आहे! हाताला चटका बसतोय! आणि हजारो बायका ते बघून तसंच करतात, मग श्रावणात मला विचारतात की बुरशी का आली. मला याचा खरंच राग येतो, कारण चार-पाच दिवसांची मेहनत त्या दहा मिनिटांत वाया जाते.

काय होतं ते दाखवते. [बरणी कॅमेऱ्याजवळ] ही कोरडी काचेची बरणी. काल दुपारी उन्हातून काढलेली गरम आमसुलं मी मुद्दाम तुम्हाला दाखवायला हिच्यात भरली आणि झाकण लावून सावलीत ठेवली. आता झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. दिसतंय का? बारीक बारीक थेंब. इथे दोन थेंब एकत्र येऊन ओघळ आलाय, आणि तो थेट वरच्या आमसुलावर पडलाय. गरम हवेत वाफ जास्त मावते. हवा गार झाली की तेवढी वाफ मावत नाही, मग ती झाकणाला आणि काचेला पाणी होऊन लागते आणि खाली टपकते. तुमच्यापैकी अनेकांनी लिहिलंय, "ताई, फक्त वरचाच थर बुरसटला, खालचा चांगला होता." कारण हेच. पाणी वरून पडलं.

मग काय करायचं? ऊन उतरायच्या आत, साधारण चारच्या सुमारास, ताटं आत आणा. सुपात किंवा रोवळीत पातळ पसरा. वर सुती पंचा टाका. तासभर घरात राहू द्या. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा, तळहाताने नको, तळहात गरमच असतो. खोलीइतकं गार लागलं की मग डबा.

"मग रात्रभरच ठेवते पसरून, सकाळी भरते," असं पुष्कळ जणी म्हणतात. तेही नको! कोकणात मे महिन्यात रात्रीची हवा चांगली दमट असते, आणि आमसुलाला मीठ आहे. जाडं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. मिठाचा डबा पावसाळ्यात पाणावतो ना, तोच प्रकार. दिवसभर घालवलेली ओल रात्रीत परत येते. म्हणजे गरम भरायचं नाही आणि गार होऊन पडूनही द्यायचं नाही. मधला तो तास-दीड तास सांभाळायचा. माझ्या सासूबाईंच्या हातात घड्याळ कधी नव्हतं. त्या सूप पडवीत आणून ठेवायच्या, दिवेलागणीची कामं करायच्या, तुळशीपाशी दिवा लावून आत आल्या की बरणी भरायला बसायच्या. इतकं नेमकं व्हायचं ते.

आता "किती दिवस" याचं उत्तर. मंडळी, मी दिवस सांगणार नाही. देवगडचं ऊन वेगळं, नागपूरचं वेगळं, ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतलं तर फारच वेगळं. नागपूरला लवकर होईल ते समुद्रकाठी आठवड्यात होईल की नाही, सांगता येत नाही. दिवस मोजू नका, वस्तू बघा. आमसूल बोटांत धरून दाबा. रस बोटाला लागला तर अजून ऊन हवं. चिवट लागलं, वाकलं, पण बोट कोरडं राहिलं, तर झालं. ते पापडासारखं कुरकुरीत व्हायची वाट बघू नका, मीठ असल्यामुळे ते होणारच नाही. आणि शंका असेल तर बरणीची परीक्षा घ्या. गार झालेली मूठभर आमसुलं कोरड्या काचेच्या बरणीत बंद करा, तासभर उन्हात ठेवा, काचेला आतून धुकं धरलं तर परत ताटात.

एका ताईंनी फोटो पाठवलाय. आमसुलावर पांढरं आलंय, टाकून देऊ का? थांबा, टाकू नका. आधी चिमटीत घासून बघा. खरखरीत कण लागले आणि पाण्यात टाकल्यावर विरघळले, तर ते मीठ आहे, खुशाल वापरा. कापसासारखी लव असेल, वास कुबट येत असेल, तर ती बुरशी. मग "वरचं काढून खालचं वापरते" असं करू नका. ज्यात लव शिरली तो डबा गेला.

मुंबईच्या आणि परदेशातल्या ताई विचारतात, डिहायड्रेटर चालेल का? चालेल. 55 ते 60 अंशांवर ठेवा. पण यंत्रातून बाहेर आलेलं ताटसुद्धा गरमच असतं! यंत्राला सगळं कळतं असं समजून थेट डब्यात ओतू नका. तिथेही पसरा, गार करा, मग भरा.

आणि पाऊस मध्येच आला तर? अर्धवट सालं पंख्याखाली वाळवत बसून नासवू नका. मिठाचं प्रमाण वाढवून बरणीत मुरवायला ठेवा, आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस करा. सोलकढीला वर्षभर उपयोगी पडेल.

आता परसबागेकडे येऊ. कारण हाच तास बियाण्यालाही लागतो, आणि तिथे तर नुकसान दिसतही नाही. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. ओलसर बियाणं बाटलीत बंद केलं, तर ते वरून अगदी चांगलं दिसतं आणि जूनमध्ये पेरलं की उगवत नाही. मग आपण म्हणतो, माती खराब, पाऊस खराब.

दोडका, भेंडी यांची बियाण्याची फळं वेलावर, झाडावरच वाळू द्यायची. बी काढून सावलीत, वाऱ्याला पसरायचं. ओल्या बियांना तापलेल्या पत्र्यावर टाकू नका, 40 अंशांच्या वर गेलं की आतला जीव जातो. भोपळ्याचं बी वाकवून बघा. वाकलं तर ओलं, कट्कन तुटलं तर तयार. मग गार करून, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून बरणीत. राख उरलीसुरली ओल ओढते आणि किडीलाही लांब ठेवते. बियाण्याच्या शास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे. बियाण्यातली ओल एका टक्क्याने कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. एक टक्का म्हणजे किती थोडं! झाकणाला लागलेल्या त्या थेंबांकडे परत एकदा बघा आणि विचार करा, गरम बियाणं बंद करून आपण किती आयुष्य घालवतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला, तो घरातलं गावठी बियाणं जपण्यासाठी. शाळेत न गेलेल्या बाईने हे उभं केलं. त्यामुळे कुणी "एवढ्याशा बिया काय जपायच्या, पाकीट विकत मिळतं की" असं लिहिलं की मला वाईट वाटतं. बाजारात बियाणं मिळतं हे खरं. पण तुमच्या आजीच्या दारचं तवसं, म्हणजे ती मोठी काकडी, त्या चवीचं, पाकिटात मिळणार नाही.

पण इथे एक फार महत्त्वाचं. सगळं बियाणं वाळवायचं नसतं! आंबा, फणस आणि आपलं कोकम यांची बी वाळली की मरते. ती ताजी असतानाच रुजवायची. गेल्या वर्षी कोकमाच्या बिया वाळवून बाटलीत ठेवल्या आणि आता पेरणार, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या उगवणार नाहीत, नाद सोडा, या वर्षीच्या ताज्या घ्या.

आणि कोकमाचा विषय निघालाच आहे तर, "झाड लावून कितीतरी वर्षं झाली, फुलं येतात, फळ नाही," हा प्रश्न दर व्हिडिओखाली असतो. ते बहुधा नर झाड आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि फुलं आल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून दारात एकच झाड लावायचं असेल तर कलम घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता ही जात आहे. ती लवकर तयार होते, म्हणजे वाळवायला ऊन मिळतं. आमसुलं करणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली!

आता गोधडी. "खाण्याच्या व्हिडिओत गोधडी कशाला?" असं कुणीतरी लिहिणारच. कारण ती याच दिवसांत शिवायची आणि हाच नियम तिलाही लागतो. आई-आजीच्या जुन्या सुती साड्या घेता ना? त्या आधी धुवा, आणि कांजी असेल तर ती पूर्ण निघेपर्यंत धुवा. कांजी राहिली की कापड खाणारी कसर लागते. मग कडक उन्हात वाळवा. आणि उन्हातून काढलेल्या गरम साड्यांची घडी घालून ट्रंकेत बंद करू नका! परत तेच. त्या वाऱ्याला टाका, गार होऊ द्या, मग थर लावायला घ्या. गोधडीत पाच-सहा थर असतात. मधल्या एका साडीच्या काठात जरी ओल राहिली, तरी ती नंतर बाहेर निघायला वाट नसते. जाड काठ शेवटी वाळतो, म्हणून पदर नको, काठ दाबून बघा. पावसाळ्यात गोधडीला येणारा तो कुबट वास कितीही ऊन दाखवलं तरी पूर्ण जात नाही.

धावदोऱ्याबद्दल थोडक्यात. टाके कडेकडून सुरू करून आत आत जा, थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घाला. दोरा जाड सुतीच घ्या, नायलॉनचा दोरा जुनं कापड कापतो. रंगांचं तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे मधोमध हळदकुंकवाचा एक चौकोनी तुकडा लावतात, तो मी तरी कधी सोडत नाही.

पूर्ण गोधडी शिवायचा व्हिडिओ वेगळा करतेय. तोवर एक काम करा. गेल्या आठवड्यात भरलेले डबे आज संध्याकाळी उघडा, झाकणाच्या आतून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर झाकण पुसून कोरडं करा, आतला जिन्नस उद्या नऊ वाजता परत उन्हात टाका, आणि चारनंतर तासभर पंच्याखाली गार करून मगच भरा. अजून ऊन आहे, सगळं वाचतं.